मधला स्पीकर मंडणगडला

"निवड सगळी तुझी," अस्लमभाई दम्मामहून फोनवर म्हणाले. "मी मध्ये तोंड घालणार नाही. तू शिकलेला, तुला कळतं." आणि श्वासही न घेता पुढे म्हणाले, "स्पीकर मी घेऊन ठेवलेत."

रत्नागिरीच्या राजिवड्यातल्या घरात झैन रिसिव्हर कानाला लावून उभा राहिला. स्पीकर निवडण्यासाठी त्याने अख्खा पावसाळा वाचनालयात बसून कॉम्प्युटरची मासिकं वाचली होती. ग्रंथपालांना वाटलं होतं, पोरगा स्पर्धा परीक्षेला बसतोय. त्यांनी त्याला पंखा आतल्या टेबलाकडे वळवून दिला होता. आता त्या वाऱ्याचंही ओझं वाटायला लागलं.

साल होतं २००३. झैनला घरात होम थिएटर उभं करायचं होतं आणि तेही कॉम्प्युटरवर. कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा, त्यात डीव्हीडी घालायची आणि आवाज समोरून, बाजूने, पाठीमागून, जिथून यायला हवा तिथून आणायचा. रत्नागिरीत तोवर आवाज एकाच बाजूने येत असे आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

पण ही नुसती हौस नव्हती. अस्लमभाईंनी त्यांच्याच कंपनीत झैनसाठी हेल्परचा व्हिसा बघून ठेवला होता. हेल्पर म्हणजे नक्की कुणाला मदत करायची, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. झैनला जायचंच नव्हतं. त्याला मारुती मंदिर नाक्यावर निलेशच्या जोडीने कॉम्प्युटरचं दुकान टाकायचं होतं. निलेश तिथे एका गाळ्यात कॉम्प्युटर जुळवून विकायचा, आणि बी.कॉम. झाल्यापासून झैन उरलेला दिवस त्याच्याकडे स्क्रू पिळत बसायचा. शेवटी अम्मीने, म्हणजे फातिमाबींनी, फोनवर रडून बापलेकांत तह घडवला. अस्लमभाईंनी अट घातली, "मी रजेवर येईन तेव्हा तुझं ते थिएटर वाजलं पाहिजे. पाचही स्पीकर. वाजलं तर टाक दुकान. नाही वाजलं तर पासपोर्ट मुंबईला, एजंटकडे."

अट साधी होती. निवड आपली, जुळवणी आपली, निकाल आपल्या हातात. झैन खूश झाला. तो पहिला शुक्रवार होता.

दम्मामचा फोन दर शुक्रवारी येई, आणि दर शुक्रवारी झैनची एकेक निवड जाई.

स्पीकर गेल्यावर कॅबिनेट गेलं. झैनला आडवं, बसकं कॅबिनेट हवं होतं, टीव्हीखाली गुपचूप बसणारं. अस्लमभाई म्हणाले, "आडवं कशाला? लोक म्हणतील जुना व्हीसीआर आहे. उभं घे. चांगलं उंच. दिवे लागणारं." उभं घेतलं. ते टीव्हीच्या स्टँडमध्ये मावेना, म्हणून टीव्हीशेजारी पाटावर बसवलं. त्याचे निळे दिवे बघून शेजारची लहान पोरं मगरिबच्या नमाजानंतर तुमच्याकडे यायला घाबरतात, असं पलीकडच्या चाचीने येऊन सांगितलं. तिच्या बोलण्यात तक्रार होती की आभार, ते कळलं नाही.

मग डीव्हीडी ड्राइव्ह गेला. तोही दम्मामहून येणार होता.

"अब्बा, तिकडचा ड्राइव्ह नको," झैन म्हणाला. "डीव्हीडीला रीजन असतो. तिकडचा दोन नंबर, आपला पाच नंबर. तिकडच्या ड्राइव्हवर इकडची डिस्क चालत नाही."

"मग बदलायचा रीजन."

"पाचदाच बदलता येतो. नंतर जिथे असेल तिथेच कायमचा अडकतो."

झैन पाळण्यात होता तेव्हापासून अस्लमभाई तिकडे होते. "पाचदा पुष्कळ झालं," ते म्हणाले.

ड्राइव्ह आला. निलेशने कुतूहल म्हणून त्याचा रीजन बदलून बघितला, मग परत केला, मग 'खरंच पाचदाच बदलतो का' हे तपासायला आणखी दोनदा बदलला.

"आता एकदाच उरलाय," निलेश म्हणाला. "म्हणजे खरं आहे ते."

"तुला कोणी सांगितलं होतं तपासायला?"

"अरे, गिऱ्हाईकाला उद्या काय सांगणार? अनुभव नको?"

असा भागीदार मिळावा म्हणून झैन सौदीचा व्हिसा सोडायला निघाला होता.

घरातली निवड अम्मीकडे होती. चार स्पीकर आल्याबरोबर तिने ते दिवाणखान्यातल्या शोकेसवर ओळीने मांडले, मस्कतच्या अत्तरदाण्यांच्या शेजारी, आणि प्रत्येकाला झालरीचं कव्हर शिवलं.

"अम्मी, दोन पाठीमागे जायला हवेत. आवाज पाठीमागून आला पाहिजे."

"पाठीमागे ठेवून कोणाला दिसणार?"

"दिसायला नाहीत गं ते."

"मग एवढ्या लांबून आणलेनी कशाला?" अम्मी म्हणाली. "आणि कव्हर काढू नको, धूळ बसते. कव्हरातूनच वाजव."

आता या 'एवढ्या लांबून'चं सांगायला हवं, कारण घोटाळा तिथेच झाला. दम्मामहून सामान कोणी पोस्टाने पाठवत नाही. गावाकडे कोणी निघाला की त्याच्या बॅगेत जागा मागायची, हा रिवाज. आज तू माझं ने, उद्या मी तुझं नेतो. पण बॅगेला वजनाची मर्यादा असते आणि निघणाऱ्याची बायको, मेहुणे, मेहुण्यांची पोरं असतात. त्यामुळे अख्खा होम थिएटरचा खोका नेईल असा एकही माणूस अस्लमभाईंना मिळाला नाही. त्यांनी खोका फोडला. जो निघेल त्याच्या बॅगेत एकेक स्पीकर सारला. दणका देणारा मोठा डबा, ज्यात पाची स्पीकरच्या तारा जमतात, तो एका धिप्पाड माणसाच्या हातात दिला. डावा पुढचा पालीच्या एका ड्रायव्हरबरोबर आला, त्याच्या तुपाच्या डब्यांत रुतून. उजवा मागचा आला तो बायकी सँडलांमध्ये गुंडाळून. सगळे आले. मधला तेवढा आला नाही.

आणि मधला म्हणजे मुख्य. सिनेमातलं सगळं बोलणं मधल्या स्पीकरमधून येतं. बाकीचे चार पाऊस, दारं, घोडे वगैरे बघतात. निलेशच्या गाळ्यात जोडून बघितलं तेव्हा नायिका पाच मिनिटं तळमळून काहीतरी सांगत होती आणि ऐकू येत होता तो फक्त लांबवर भुंकणारा कुत्रा. आवाजाच्या डब्याला 'मधला स्पीकर नाही' असं कळवायची सोयच नव्हती. असं कुणाच्या घरी असेल, हे डबा बनवणाऱ्याला सुचलं नसावं.

मधला स्पीकर हरिश्चंद्रबरोबर पाठवला होता. हा मंडणगडच्या पुढच्या एका वाडीतला, अस्लमभाईंच्याच खोलीत राहणारा. त्याने रत्नागिरीला उतरून द्यायचा, असं ठरलं होतं. पण वडिलांची तब्येत बिघडल्याचा निरोप आला, म्हणून तो मुंबईहून थेट घरी गेला. झैनने वाडीतल्या दुकानाच्या नंबरावर फोन लावला, माणूस बोलवायला गेला, बऱ्याच वेळाने हरिश्चंद्रचा आवाज आला.

"हां हां, पोचला ना स्पीकर. काय काळजी करू नको. छान वाजतो."

झैनने रिसिव्हर एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. "वाजतो म्हणजे?"

"तू ये," हरिश्चंद्र हळू आवाजात म्हणाला. "फोनवर नको."

अब्बा यायला आठवडा राहिला होता. झैन पहाटेची एस.टी. धरून निघाला. मंडणगडला पोचेपर्यंत त्याच्या कमरेचा खुळखुळा झाला, तिथून वाडीपर्यंत जीपच्या टपावर कोंबड्यांबरोबर गेला. वाडीच्या तोंडाशीच देऊळ होतं. देवळाच्या सभामंडपात बरीच माणसं जमलेली, एक म्हातारा टोपी घालून पुढे उभा. हरिश्चंद्र मागे खांबाला टेकलेला, चेहरा पाडून.

"आले, आले! अस्लमभाईंचे चिरंजीव आले!" म्हातारा ओरडला. हे महिपतबाबा, हरिश्चंद्रचे वडील आणि भजनी मंडळाचे अध्यक्ष. तब्येत बिघडलेला माणूस इतका तगडा झैनने पहिल्यांदाच बघितला. "बसा. चाय आना रं कोनतरी. परवास लय झाला आसंल."

"बाबा, मी तो स्पीकर..."

"त्येच तं! वर बगा."

झैनने वर बघितलं. गाभाऱ्याच्या दारावर, घंटेच्या बाजूला, मधला स्पीकर लोखंडी पट्ट्यांनी ठोकून बसवला होता. त्याच्या पुढच्या काळ्या जाळीवर लाल तैलरंगात लिहिलं होतं : 'श्री. अस्लमभाई (सौदी) यांजकडून भजनी मंडळास सप्रेम भेट'. जाळी लहान पडल्यामुळे 'भेट' खाली लाकडावर उतरली होती. अशाच अक्षरांत पंख्याच्या पात्यावर एका मुंबईकराचं नाव होतं, ट्यूबलाइटवर त्याच्या भावाचं. दोघांचं पटत नसावं, कारण पंखा आणि ट्यूब एकमेकांपासून शक्य तितके लांब होते.

"ह्ये कसं झालं?" झैनने विचारलं. त्याच्याही तोंडी एकदम वाडीची भाषा आली.

कसं झालं ते महिपतबाबांनीच अभिमानाने सांगितलं. गल्फचा माणूस घरी आला की संध्याकाळी बॅग उघडायची आणि सगळ्या वाडीने बसायचं, ही पद्धत. एकेक वस्तू बाहेर निघते आणि तिचा मालक पुढे येतो. साबण काकीला, टॉर्च मामाला, दुधाची पावडर सुनेच्या माहेरी. हरिश्चंद्र प्रवासाने दमून आत आडवा झाला होता, त्यामुळे बॅग बापाने उघडली. तळाशी हा काळा लांबट ठोकळा निघाला.

"हऱ्याला हाक मारली, त्यो झोपेत म्हनालान, 'त्ये अस्लमभायनी दिल्यानी'. कोनाला, त्ये काय बोल्लान नाय. आता कोनाचंच नाव नाय, तर मग त्ये देवाचंच नाय का?"

सभामंडपाने माना डोलावल्या. तर्कात झैनला कुठेच फट सापडेना.

"बाबा, पण तो एकटा नाही," त्याने तरी प्रयत्न केला. "तो पाचांतला एक आहे. बाकीचे चार माझ्याकडे आहेत."

महिपतबाबांचे डोळे चमकले. "आनखी चार हायत?"

झैनने चहाचा कप तोंडाला लावला. आणखी दोन वाक्यं बोलला असता तर चारही गेले असते.

मग त्याला पुढे बसवलं आणि त्याच्या खांद्यावर शाल घातली. हातात नारळ दिला. महिपतबाबांनी भाषण केलं. सातासमुद्रापार घाम गाळणाऱ्या एका मुसलमान भावाला आमच्या वाडीची आठवण झाली, असं ते म्हणाले. मागच्या बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. स्पीकर परत मागायला ही काही वेळ नव्हती. नंतरही ती आली नाही, कारण नंतर भजन सुरू झालं.

आणि इथे झैनची खरी चिडचिड झाली. स्पीकर वाजत होता अप्रतिम. एका ट्रकच्या बॅटरीवर, कुणीतरी जुळवलेल्या ॲम्प्लिफायरवर, तैलरंगाच्या जाळीमागून. मृदंग जेमतेम ऐकू येत होता, पण म्हणणाऱ्याचा शब्दन् शब्द धारदार, स्वच्छ. बोलण्यासाठीच बनवलेला स्पीकर होता, तो त्याचं काम करत होता. अब्बांची निवड चांगली होती. ही गोष्ट कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

जीपपर्यंत सोडायला हरिश्चंद्र आला. "काय करू रे?" तो म्हणाला. "मी झोपलेला. उठलो तोवर रंग वाळला होता."

"बाबांना सांगायचं ना."

"सांगतो तर बाबा म्हणालान, देवाकडून परत मागतोस? तब्येत बिघडेल माझी." हरिश्चंद्रने मान खाली घातली. "अस्लमभायला सांगू नको. मला परत त्याच खोलीत जायचंय."

झैन स्पीकर आणायला गेला होता. तो शाल पांघरून, नारळ घेऊन घरी आला. अम्मीने दार उघडलं, त्याच्याकडे खालून वर बघितलं. "कुणाचं लग्न होतं?"

कव्हरं न काढण्याच्या बोलीवर अम्मीने स्पीकर शोकेसवरून हलवू दिले. उरलेल्या दिवसांत त्याने एकच गोष्ट मनापासून केली. मागचा डावा स्पीकर उचलून मध्ये आणला, म्हणजे सिनेमातली माणसं बोलायला लागली. मग मागच्या रिकाम्या कोपऱ्यासाठी त्याने अम्मीचा जुना टू-इन-वन रेडिओ-टेप उघडला आणि त्यातला एक स्पीकर काढून फळीच्या खोक्यात बसवला. कुठला घ्यायचा, किती तार लावायची, खोका केवढा करायचा, यासाठी तो निलेशशी दोन दिवस भांडला. अख्ख्या थिएटरमध्ये त्याने स्वतः निवडलेली वस्तू ती एवढी एकच. ती वाजलीही झकास, बाकीच्यांच्या बरोबरीने. अम्मी मात्र त्याच्याशी बोलेना, कारण टू-इन-वन आता वन राहिला होता आणि तोही कुजबुजत बोलायचा.

अस्लमभाई आले. बॅग उघडली गेली, साबण, टॉर्च आपापल्या माणसांकडे गेले. जेवणं झाली. मग दुपारी ते दिवाणखान्यात सोफ्यावर बसले. स्पीकर आणणारे दोघेतिघेही आले होते. आपला स्पीकर कसा वाजतो ते ऐकायला आणणाऱ्याने यायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं, पण आले. पालीचा ड्रायव्हर डाव्या पुढच्या स्पीकरशेजारी खुर्ची टाकून बसला आणि सगळा वेळ त्यालाच कान लावून होता. "माझा जरा जास्त बोलतो," तो समाधानाने म्हणाला.

झैनने डिस्क घातली. नाव आलं, संगीत आलं, पाऊस चारी बाजूंनी घरात शिरला. समोरून माणसं स्वच्छ बोलायला लागली. पाठीमागे दार वाजलं तेव्हा अम्मी उठून दार उघडायलाही गेली. याहून मोठं सर्टिफिकेट जगात नाही, असं झैनला वाटलं.

अस्लमभाई ताडकन म्हणाले, "थांबव."

त्याने थांबवलं.

"मध्ये लांबट होता. हा तो नाही." ते उठले, प्रत्येक स्पीकरचं झालरीचं कव्हर वर करून बघत फिरले आणि मागच्या कोपऱ्यात फळीच्या खोक्याशी थांबले. "आणि हे काय आहे? हरिश्चंद्रकडचा कुठाय?"

झैनने सांगितलं. सुरुवातीला हरिश्चंद्रला वाचवून सांगत होता, मग वाचवायला जागा उरली नाही. देऊळ, पट्ट्या, तैलरंग, शाल. पालीच्या ड्रायव्हरने मध्येच "सप्रेम भेट?" असं विचारलं आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.

अस्लमभाईंनी फळीच्या खोक्यावर बोटांनी टकटक केलं. मग म्हणाले, "नाव नीट लिहिलंय?"

"हो. 'भेट' जरा खाली आलीय."

"सौदी लिहिलंय?"

"कंसात."

अस्लमभाईंनी मान हलवली. ते परत सोफ्यावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले. झैन उभाच होता. पासपोर्ट शोकेसच्या खणात होता आणि खोलीतल्या सगळ्यांना ते माहीत होतं.

"पाच आदमींच्या हातून पाच स्पीकर पाठवले," अस्लमभाई म्हणाले. "एक आणायला तू स्वतः गेलास. आणि रिकाम्या हाताने आलास."

"अब्बा, पण वाजतंय ना. पाचही वाजतायत. ऐकलंत ना तुम्ही? मागचा मी स्वतः..."

"वाजण्याचं सोड. तिकडे काय लागतं माहीत आहे? काम सगळ्यांना येतं. आपलं सामान ज्याच्या त्याच्या हातात पोचवायचं, मध्ये कोणी रडलं, कोणी शाल घातली, तरी हात सोडायचा नाही. त्यावर माणसाची किंमत होते. तुझ्या गळ्यात कोणी हार घातला तर तू बॅग देऊन मोकळा होशील." त्यांनी फातिमाबींकडे बघितलं. "हा तिकडे टिकणार नाही. महिन्यात कपडेसुद्धा देऊन बसेल लोकांना."

"मग?" फातिमाबींनी विचारलं.

"मग काय? राहू दे इथेच."

पालीचा ड्रायव्हर "मुबारक" म्हणाला. झैनला जे हवं होतं ते मिळालं होतं, पण नापास होऊन. "अब्बा, तुम्ही एकदा आवाज तरी नीट ऐका," तो काकुळतीला आला. "अट थिएटरची होती. थिएटर झालंय. मागचा डावा बघा, मी फळी कापून बसवलाय, त्याची निवड..."

"ऐकला की. चांगला आहे," अस्लमभाई म्हणाले. त्यांनी पाय वर घेतले, उशी मानेखाली सारली आणि डोळे मिटले. झैनने सुटकेचा श्वास टाकून सिनेमा पुन्हा सुरू करायला हात पुढे केला.

"टाक दुकान," डोळे न उघडताच ते म्हणाले. "सामानाची चिंता करू नको. सामान सगळं मी पाठवतो. पुढच्या महिन्यात हेदवीचा एक जण निघतोय, त्याच्या बॅगेत जागा आहे."